जुने संगणक, कच्ची प्रणाली

नरडाणा (ता. शिंदखेडा, जि. धुळे) : ‘विंडोज १०’ या कार्यप्रणालीला मिळणारा नियमित आधार मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. त्या दिवशी एकही संगणक बंद पडला नाही, हेच या घटनेचे फसवे वैशिष्ट्य होय. यंत्र पूर्वीसारखेच सुरू होते, टंकलेखन होते, प्रिंटर कागद बाहेर टाकतो. थांबलेली असते ती केवळ दर महिन्याला येणारी सुरक्षेची दुरुस्ती. मोठ्या कंपन्यांकडे अशा प्रसंगासाठी स्वतंत्र विभाग आणि अंदाजपत्रकात तरतूद असते. नरडाण्यासारख्या गावात अंदाजपत्रक दुकानमालकाच्या खिशात असते आणि नव्या संगणकाचे नाव निघताच तो खिसा आवळला जातो. मग एक सोपा वाटणारा उपाय पुढे येतो. जुन्याच यंत्रावर ‘विंडोज ११’ची चाचणी आवृत्ती, म्हणजे प्रचलित भाषेत ‘बीटा’, चढवून द्यायची. फुकट आहे, नवी आहे आणि ‘चालते’. या तिन्ही शब्दांचा हिशेब मांडला, तर हा उपाय स्वस्त पडत नाही असे दिसते.

नरडाणा हे केवळ खेडे राहिलेले नाही. मुंबई-आग्रा महामार्गावर धुळे आणि शिरपूर यांच्यामध्ये वसलेल्या या गावातून सुरत-भुसावळ लोहमार्ग जातो. येथे औद्योगिक वसाहत आहे; दिल्ली-मुंबई औद्योगिक महामार्गाच्या आराखड्यात ‘धुळे-नरडाणा गुंतवणूक क्षेत्र’ असा स्वतंत्र उल्लेख झाला होता. मोठ्या कारखान्यांत यंत्रसामग्रीबरोबर संगणकही नवे येतात. त्यांची चिंता येथे करण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो अशा गावांच्या बाजारपेठेतील संगणकांचा. झेरॉक्स आणि टायपिंगचे दुकान, दाखल्यांचे अर्ज भरणारे सेवा केंद्र, ट्रकचे वजन टिपणारा वजनकाटा, कापसाच्या जिनिंगचे कार्यालय, पतसंस्थेची खातेवही, शाळेची संगणक प्रयोगशाळा. येथे ‘असेंबल’ केलेला किंवा शहरातल्या एखाद्या कार्यालयाने काढून टाकलेला संगणक दहा-बारा वर्षे सहज राबतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून निघालेली जुनी यंत्रे अशीच मजल दरमजल करीत तालुक्याच्या गावी येतात. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. उलट वस्तू शेवटपर्यंत वापरण्याची ही सवय शहरांनी घेण्यासारखी आहे.

‘विंडोज ११’ अशा यंत्राला दारातच अडवते. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी बाजारात आलेल्या या प्रणालीने किमान ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी साठवण मागितली, इथवर ठीक होते. पण त्याबरोबर तिने ‘टीपीएम २.०’ नावाची सुरक्षा चिप, ‘सिक्युअर बूट’ची सोय आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर या अटीही घातल्या. इंटेलची आठवी पिढी २०१७ मध्ये आली. म्हणजे २०१५-१६ मध्ये नवा घेतलेला, आजही धडधाकट असलेला संगणक या निकषावर नापास होतो. ‘विंडोज १०’ने असे केले नव्हते. जुलै २०१५ मध्ये ती आली तेव्हा एक ते दोन जीबी मेमरीवर ती चालत असे आणि ‘विंडोज ७’ व ‘८.१’च्या ग्राहकांना पहिले वर्षभर ती विनामूल्य मिळाली. त्या औदार्याची सवय लागलेल्या ग्राहकाला ही नवी अट जाचक वाटली, तर ते अस्वाभाविक नाही. अशा अपात्र संगणकांची संख्या जगभरात सुमारे २४ कोटी असावी, असा अंदाज ‘कॅनालिस’ या संस्थेने २०२३ च्या अखेरीस वर्तविला होता.

अट जाचक असली की तिला वळसा घालणारे निघतातच. ‘रुफस’सारख्या साधनाने पेन ड्राइव्ह तयार करून तपासणी टाळता येते. मायक्रोसॉफ्टनेही २०२१ मध्ये एक पळवाट स्वतःच सांगितली होती. पुढे २०२५ च्या सुरुवातीस ती आपल्या पानावरून काढून टाकली. अशा संगणकाला पुढील दुरुस्त्या मिळतीलच याची हमी नाही, हे कंपनी तेव्हापासून बजावत आली आहे. हा वळसा आणि चाचणी आवृत्ती या खरे तर दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानात मात्र त्यांची गल्लत होते. इतिहासही तसाच आहे. ‘विंडोज ११’ बाहेर येण्यापूर्वी, जून २०२१ मध्ये, आधीपासून चाचणीत सहभागी असलेल्या काही अपात्र संगणकांनाही कंपनीने चाचणी आवृत्ती वापरू दिली. त्यामुळे ‘बीटा जुन्या मशीनवर चालते’ हा समज रुजला. कंपनीने त्याच वेळी आणखी एक गोष्ट सांगितली होती. अंतिम आवृत्ती आली की या संगणकांना चाचणीतून बाहेर पडावे लागेल आणि संपूर्ण डिस्क पुसून पुन्हा ‘विंडोज १०’ टाकावी लागेल. समज टिकला, ही अट विस्मरणात गेली.

चाचणी कोणासाठी?

बीटा म्हणजे नव्या प्रणालीची कच्ची प्रत. घराचे छत टाकल्यावर खालच्या बल्ल्या काढण्याआधी त्यात राहायला जाण्यासारखा हा प्रकार आहे. ज्याच्याकडे दुसरा संगणक आहे, ज्याला दोष शोधून कळविण्यात रस आहे, त्याच्यासाठी ही प्रत असते. तिला मुदतही असते. जानेवारी २००९ मध्ये ‘विंडोज ७’ची बीटा सर्वांसाठी खुली झाली तेव्हा ती २५ लाख जणांपुरती मर्यादित राहणार होती, मागणी एवढी वाढली की ही मर्यादा उठवावी लागली. पण १ जुलै २००९ पासून ती वापरणारा संगणक दर दोन तासांनी आपोआप बंद होऊ लागला आणि १ ऑगस्टला त्या प्रतीची मुदतच संपली. महिनाअखेरचे व्याज काढत असलेल्या पतसंस्थेत किंवा रांग लागलेल्या दाखला केंद्रात असे घडले, तर काय होईल याची कल्पना करण्यास फारशी प्रतिभा लागत नाही.

चाचणीतून पार पडलेली आवृत्तीही निर्दोष असते असे नाही. २ ऑक्टोबर २०१८ रोजी आलेल्या ‘विंडोज १०’च्या सुधारित आवृत्तीने काही ग्राहकांच्या ‘डॉक्युमेंट्स’मधील फायलीच पुसून टाकल्या. चार दिवसांत कंपनीला ती मागे घ्यावी लागली व नोव्हेंबरच्या मध्यास ती पुन्हा प्रसृत झाली. विशेष म्हणजे चाचणी करणाऱ्यांपैकी काहींनी हीच तक्रार आधी नोंदविली होती. तक्रारींच्या ढिगात ती दिसलीच नाही. त्या काळात कच्च्या प्रतीवर ज्यांचे खरे काम चालू होते, त्यांनी नुकसान सर्वांच्या आधी सोसले.

अलीकडचे उदाहरण जुन्या संगणकांना अधिक झोंबणारे आहे. ‘विंडोज ११’च्या २०२४ मधील आवृत्तीला प्रोसेसरमध्ये ‘पॉपकाउंट’ ही विशिष्ट आज्ञा असणे अनिवार्य झाले. ‘कोअर टू ड्युओ’ वर्गातील प्रोसेसरांत ती नाही. ही अट प्रथम दिसली ती त्या वर्षीच्या पूर्वार्धातील चाचणी आवृत्त्यांमध्येच. आदल्या प्रतीवर बरा चालणारा संगणक पुढच्या प्रतीनंतर सुरूच होईना. नोंदीत काही बदल करून किंवा पेन ड्राइव्हच्या युक्तीने ही अडचण टळत नाही. जे सिलिकॉनमध्ये कोरलेले नाही ते आणायचे कुठून?

आणि मागे फिरण्याची वाट? नव्या प्रणालीवर गेल्यानंतर साधारण दहा दिवसांपर्यंत जुनीकडे परतण्याचा पर्याय असतो. त्यानंतर उरते ते ‘फॉरमॅट मारणे’. चाचणीच्या काही शाखांतून बाहेर पडण्यासाठी तर तोच एक मार्ग असतो. जुन्या यांत्रिक हार्ड डिस्कवर ही सारी प्रक्रिया तासन्‌तास चालते. मध्येच वीज गेली आणि यूपीएसची बॅटरी केव्हाच निकामी झालेली असली, की तंत्रज्ञाला बोलावणे आले. खानदेशातील दुकानदाराला वीज जाण्याविषयी वेगळे सांगायला नको.

काय काय बंद पडते

मात्र सर्वांत मोठे नुकसान बीटाच्या दोषांमुळे होत नाही. ते नव्या प्रणालीच्या स्वभावामुळे होते, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. ‘विंडोज ११’ केवळ ६४ बिट रूपात उपलब्ध आहे. ‘विंडोज १०’ची ३२ बिट आवृत्ती होती आणि तिच्यात डॉसच्या काळातील १६ बिट कार्यक्रम चालविण्याची सोय होती. फॉक्सप्रोत लिहिलेले हिशेबाचे कार्यक्रम गेली पंचवीस-तीस वर्षे लहान संस्थांत, दुकानांत, आडतीत वापरले गेले. लिहिणारा कुठे गेला ठाऊक नाही, मूळ आज्ञावली कुणाकडे नाही, पण कार्यक्रम रोज बिनबोभाट चालतो. ६४ बिट प्रणालीवर तो थेट सुरूच होत नाही. ‘डॉसबॉक्स’सारख्या आवरणात तो चालवता येतो खरा, पण मग छपाईचे पाहावे लागते.

छपाई म्हणजे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. वजनकाट्याच्या पावत्या, तीन प्रतींतील बिले यासाठी त्याला अजून पर्याय नाही. तो एलपीटी पोर्टला जोडलेला असतो. काट्यावरील वजनाचा आकडा संगणकात येतो तो बहुधा सिरियल पोर्टमधून. विंडोजची ६४ बिट आवृत्ती अधिकृत स्वाक्षरी नसलेले ड्रायव्हर स्वीकारत नाही आणि जुन्या उपकरणांच्या उत्पादकांनी ते नव्याने लिहून देण्याची तसदी क्वचितच घेतली आहे. संगणक नवा दिसतो, प्रिंटर मुका राहतो.

मराठी टंकलेखनाचे दुखणे आणखी जुने. विंडोज २००० पासून युनिकोड मराठीची सोय आहे. मे २०१९ च्या सुधारणेनंतर ध्वन्यनुसारी मराठी कळफलकही ‘विंडोज १०’मध्ये आला. तरीही लग्नपत्रिका, हस्तपत्रके, स्मरणिका यांचे काम करणारी डीटीपी केंद्रे श्रीलिपी, आकृती यांसारख्या युनिकोडपूर्व व्यवस्थांवर उभी राहिली. त्यांच्या काही आवृत्त्या संगणकाला जोडलेल्या ‘लॉक’शिवाय चालत नाहीत, लॉकचा जुना ड्रायव्हर नव्या प्रणालीवर चढला नाही, तर विकत घेतलेली आज्ञावली असून नसल्यासारखी. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ मधील. तिच्यात साठवलेला पंधरा-वीस वर्षांचा मजकूर उघडण्यासाठी तोच संगणक, तोच टंक आणि तेच लॉक लागते. अशा संगणकावर कच्ची प्रणाली चढविणे म्हणजे दप्तरखान्याची किल्ली विहिरीत टाकण्यासारखे आहे.

आणखी एक बाब दाखला केंद्रांपुरती. चाचणी योजनेत सहभागी संगणकाने वैकल्पिक निदान माहिती कंपनीकडे पाठविण्यास संमती देणे बंधनकारक असते. संगणक मध्येच कोलमडला तर त्या क्षणी मेमरीत काय होते याची नोंदही या माहितीत जाऊ शकते आणि तिच्यात उघड्या फायलीचा काही भाग अनवधानाने येऊ शकतो, असे कंपनी स्वतःच सांगते. घरच्या संगणकाबाबत ज्याचा तो निर्णय घेईल. पण ज्या संगणकावर दिवसभर इतरांचे आधार कार्ड, सातबारा, जातीचे दाखले स्कॅन होतात, त्याच्या वतीने ही संमती देण्याचा अधिकार केंद्रचालकाला कोणी दिला? बाकावर नंबर लागण्याची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला तर हा प्रश्न अस्तित्वात आहे हेही माहीत नसते.

तसेच बसून राहणे?

मग ‘विंडोज १०’ आहे तशीच चालवावी काय? तेही उत्तर नव्हे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा आंध्र प्रदेश पोलिसांचे संगणकही त्याच्या तडाख्यात सापडले. ज्या त्रुटीतून तो शिरला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. बाधितांत सर्वाधिक संगणक ‘विंडोज ७’चे होते, दुरुस्ती उपलब्ध असूनही त्यांवर ती बसविलेली नव्हती. पुढच्याच महिन्यात ‘नॉटपेट्या’ने न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज विस्कळीत केले. दुरुस्ती असून न लावणाऱ्यांची ही गत झाली. दुरुस्ती येणारच नसेल तर धोका दर महिन्याला साचत जातो. रिझर्व्ह बँकेला हे आधीच उमगले होते असे म्हणता येत नाही. ‘विंडोज एक्सपी’चा आधार एप्रिल २०१४ मध्ये संपला, आणि तीवर चालणारी एटीएम यंत्रे टप्प्याटप्प्याने बदलण्याचे कालबद्ध आदेश बँकांना मिळाले ते जून २०१८ मध्ये, अंतिम मुदत जून २०१९. बँकांना पाच वर्षे लागली, तेथे टायपिंगच्या दुकानाला दोष कसा द्यावा?

मधला मार्ग आहे, आणि तो बीटाहून कमी खटपटीचा आहे. ‘विंडोज १०’च्या अखेरच्या, म्हणजे २२एच२ आवृत्तीवरील घरगुती वापराच्या संगणकांना विस्तारित सुरक्षा दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देण्याचे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले. त्यासाठी तीस डॉलर, म्हणजे अडीच हजार रुपयांच्या आसपास रक्कम सांगितली गेली. पण मायक्रोसॉफ्ट खाते उघडून संगणकातील मांडणीची प्रत कंपनीच्या साठ्यात ठेवण्यास मान्यता दिली तर पैसे लागत नाहीत. कार्यालयीन जाळ्यात नोंदलेल्या संगणकांना ही सवलत लागू नाही. संस्थांसाठी पहिल्या वर्षाचा दर प्रतिसंगणक ६१ डॉलर आहे, पुढे दरवर्षी दुप्पट, कमाल तीन वर्षे. ही मुदतवाढ आहे, उपाय नव्हे. तरी एका हंगामाची उसंत मिळाली तर जिनिंगवाल्याला नव्या यंत्राची तजवीज करता येते.

वजनकाट्याचा किंवा डीटीपीचा संगणक इंटरनेटवरून काढून टाकणे हा त्याहून साधा मार्ग. त्याला जाळ्याची गरजच नसते. आठवड्यातून एकदा स्वच्छ पेन ड्राइव्हवर नोंदींची प्रत काढली की पुरते. दाखला केंद्राला हे शक्य नाही, कारण त्याचे सारे काम इंटरनेटवर आहे, आणि जुन्या प्रणालीवर ब्राउझरही फार काळ साथ देत नाही. ‘क्रोम’ने ‘विंडोज ७’ आणि ‘८.१’ची साथ २०२३ च्या सुरुवातीसच सोडली. केवळ ब्राउझरवर चालणाऱ्या कामासाठी लिनक्स हा पर्याय खराखुरा आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणाली २००७ पासून उपलब्ध आहे. स्कॅनर, बोटांचे ठसे घेणारे यंत्र आणि डिजिटल स्वाक्षरीची यूएसबी लिनक्सवर चालते का, हे मात्र आधी तपासावे लागेल. येथेच पुष्कळांची गाडी अडते. फार जुन्या, ३२ बिट प्रोसेसरच्या संगणकांचे दिवस लिनक्समध्येही सरत आले आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या ‘डेबियन १३’ने ३२ बिट संगणकांसाठीचा इन्स्टॉलर बंद केला.

शाळांचा प्रश्न यांत सर्वांत सोपा होता आणि सर्वांत दुर्लक्षित राहिला. केंद्राच्या माहिती-तंत्रज्ञान योजनेतून आणि लोकवर्गणीतून शाळांत संगणक आले. देखभालीचे करार संपले की ते ज्याच्या त्याच्या नशिबावर राहिले. शैक्षणिक संस्थांना विस्तारित दुरुस्त्यांचा दर पहिल्या वर्षी प्रतिसंगणक अवघा एक डॉलर, दुसऱ्या वर्षी दोन आणि तिसऱ्या वर्षी चार डॉलर आहे. दहा संगणकांच्या प्रयोगशाळेला तीन वर्षांचे सत्तर डॉलर, म्हणजे काही हजार रुपये. पण हा दर शैक्षणिक परवाना करारातून मिळतो. एकटी जिल्हा परिषद शाळा असा करार करू शकत नाही, जिल्ह्याने किंवा राज्याने मिळून करायचा असतो. केरळने दुसरा रस्ता धरला. तेथील सरकारी शाळांत ‘आयटी अॅट स्कूल’ आणि पुढे ‘काइट’ या संस्थेमार्फत गेली अनेक वर्षे मुक्त प्रणाली वापरली जाते, त्यामुळे ऑक्टोबर २०२५ ही तारीख तेथील संगणकवर्गाला बाधली नाही. शिरपूर येथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, जळगावला विद्यापीठ आहे. तालुक्यातील शाळांचे संगणक लिनक्सवर नेण्याचे काम तेथील विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून देता आले असते. अजूनही देता येईल.

सेवा केंद्रांबाबत जबाबदारी शासनाची अधिक आहे. दाखले, उतारे, विम्याचे अर्ज ऑनलाइन करण्याची सक्ती शासनाने केली. ते ज्या यंत्रावर भरले जातात त्याची निगा मात्र चालकाच्या ऐपतीवर सोडली. कोणती प्रणाली चालेल, कोणती चालणार नाही आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढी तीन ओळींची सूचना प्रत्येक केंद्राला मराठीत मिळाली असती, तरी चाचणी आवृत्तीच्या वाटेला जाणारे बरेच जण थबकले असते.

जे संगणक अखेर बदलले जातील, त्यांचे काय, हाही प्रश्न आहेच. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार ई-कचरा नोंदणीकृत पुनर्प्रक्रियाकाराकडे जाणे अपेक्षित आहे. गावात मात्र दारावर येणारा भंगारवालाच तो वजनावर घेऊन जातो, हार्ड डिस्कसकट. त्या डिस्कवर गावातील कित्येक कुटुंबांच्या कागदपत्रांच्या प्रती असतात. चार स्क्रू काढून ती आधी वेगळी करून ठेवण्यास पाच मिनिटे लागतात.